उनाड गुरं गावाने कशी सांभाळावीत: राजापूर तालुक्यातल्या एका पशुसखीची रीत

भात कापून, झोडून घरात आलं की आमच्या राजापूर तालुक्यात गुरांची दावी सुटतात. पहिले काही दिवस गुरं संध्याकाळी घरी येतात. मग एखादी रात्र सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, काढतात, मग आठवडा, आणि शिमग्यापर्यंत कोणाचं जनावर कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही. पूर्वी हे चालून जायचं. पेरणीआधी नांगराला बैल लागायचे, म्हणून प्रत्येक घरातलं कोणीतरी सडा पालथा घालून आपली जोडी शोधून आणायचं. आता नांगरणी पॉवर टिलरवर होते, घरात म्हातारी दोघं आणि मुलं मुंबईला. जून उजाडतो तरी गुरं सड्यावरच. तिथेच वितात, तिथेच वाढतात, आणि दोन-तीन वर्षांत गळ्याला दाव्याचा स्पर्श न झालेली एक पिढी तयार होते.

मी पशुसखी आहे. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचतगटांतून आमची निवड होते, प्रशिक्षण मिळतं. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांबरोबर लसीकरणाला फिरायचं, टॅगिंगला मदत करायची, घरोघर शेळ्या-गुरांची विचारपूस करायची, हे माझं काम. आजूबाजूच्या गावांतून उनाड गुरांबद्दल विचारणा होते, तेव्हा लोकांच्या मनात बहुधा दोनच उपाय असतात. एक, रात्री टेम्पोत भरून पलीकडच्या खोऱ्यात सोडून यायचं. दुसरा, शेतात शिरली की काठ्या-कोयत्यांनी झोडायचं. दोन्ही मला पाहवत नाहीत. आणि त्यातून सुटतही काही नाही, कारण पलीकडच्या गावातही टेम्पो आहेत.

जनावर मोकळं चरायला माझा विरोध नाही. कोकणातलं जनावर डोंगर चढून चरण्यासाठीच घडलं आहे. त्याला बारा महिने गोठ्यात बांधून पोसणं शेतकऱ्यालाही परवडत नाही. पण मोकळं असलं तरी त्याला गाव पाहिजे, संध्याकाळची जागा पाहिजे आणि आजारात हात लावणारं माणूस पाहिजे. हे तिन्ही कसं जमवायचं ते सांगते.

आधी मोजणी, आणि तीही पाण्यावर

रात्री रस्त्यावर बसलेली गुरं मोजून काही कळत नाही. मोजणी एप्रिल-मे महिन्यात करा. तेव्हा सड्यावरचं पाणी आटतं आणि सगळी गुरं दोन-तीन ठिकाणीच पाण्याला येतात. गाई सकाळी उन्हं चढायच्या आत येतात, म्हशी दुपारी. दोन बायका, एक जाणता गुराखी आणि फोनचा कॅमेरा, एवढं बास. प्रत्येक जनावराचा डाव्या बाजूने फोटो काढा. वहीत रंग, शिंगांची ठेवण, नर की मादी, गाभण आहे का, पाठीमागे पाडा-पाडी आहे का, कानात टॅग असेल तर बारा अंकी नंबर, एवढं लिहा. लंगडं, डोळ्यातून पाणी गळणारं, अंगावर गाठी असलेलं जनावर दिसलं तर त्याचं वेगळं पान करा.

मग वाडीची बैठक. इथे एक गोष्ट सांभाळा. ‘हे जनावर कोणाचं?’ असं विचारलंत तर सगळी मान खाली घालतात, कारण मालकी कबूल केली की नुकसानभरपाई अंगावर येईल अशी भीती असते. त्याऐवजी फोटो दाखवून ‘ही कोणाच्या गाईची पाडी?’ असं विचारा. मग आजीबाई बोलायला लागतात: ही त्या बांड्या गाईची, तिची आई अमक्याच्या मांगरात व्यायली होती, तो वाकड्या शिंगाचा तिचा भाऊ. एका संध्याकाळी बहुतेक गुरांचं कूळ वहीत उतरतं. कूळ लागलं की घरही लागतं, आणि घर लागल्यावर माणसं जबाबदारी सहसा झटकत नाहीत. त्यातूनही ज्यांचं कोणीच निघत नाही, ती गुरं ग्रामसभेने गावाची म्हणून ठराव करून घ्यायची.

मीठ, धूर आणि गोठण

गुरं हाकलून घरी येत नाहीत, ओढीने येतात. आमच्या जांभ्या मातीवरून वर्षानुवर्षं इतकं पाणी वाहून गेलं आहे की गवतात स्फुरद आणि मीठ दोन्ही कमी. म्हणूनच गुरं हाडं चघळतात, वाळत टाकलेली फडकी चावतात, मुतलेली जमीन चाटतात. लोक याला खोड समजतात. ती भूक आहे. मेलेल्या जनावराची हाडं चघळण्यातून विषबाधा होऊन गुरं पाय लुळे पडून मरतात, हेही यातूनच.

तेव्हा पहिला खर्च खनिज मिश्रणाच्या चाटणविटांवर करा. वाडीपासून थोडी लांब, उंचवट्यावरची, पाणी न साचणारी जागा निवडा. बहुतेक गावांत जुनी गोठण असतेच, जिथे दुपारी गुरं झाडाखाली बसून रवंथ करायची. ती साफ करा. चार खांबांवर छोटं छप्पर घालून त्याखाली विटा टांगा, कारण पावसात त्या विरघळून जातात. संध्याकाळी, रोज त्याच वेळेला, तिथे कोणीतरी हाळी द्यायची आणि ओल्या पाल्याची धुरी करायची. निरगुडीचा किंवा कडुलिंबाचा पाला चालतो. पावसाळ्यात गोमाशा आणि डास गुरांना वेडं करून सोडतात, म्हणून धुरात येऊन बसायला ती आपणहून येतात.

एक म्होरकी गाय शोधा. प्रत्येक कळपात एक वयस्क गाय पुढे असते आणि बाकीच्या तिच्या मागे. तिच्या गळ्यात घंटा बांधा, तिला गोठणीवर मूठभर कोंडा-पेंड द्या. ती यायला लागली की कळप येतो. विणारी गाय असेल तर तिचं वासरू रात्री आत ठेवा. ती कुठेही चरायला गेली तरी संध्याकाळी पान्ह्याच्या ओढीने परत येणारच. शिवाय वासरू बिबट्यापासून वाचतं.

म्हशींचं गणित वेगळं. काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे दुपारी पाण्यात किंवा चिखलात बसल्याशिवाय त्यांचं अंग थंड होत नाही. डुंबायची जागा दिली नाहीत तर त्या पिण्याच्या पाण्याच्या झऱ्यात शिरतात आणि गावात भांडण लागतं. म्हणून वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, खालच्या अंगाला, पिण्याच्या पाण्यापासून दूर, एक डबकं खणून द्या. सड्यावरच्या बंद पडलेल्या चिरेखाणींकडे तर आधी बघा. त्यांत पाणी साचतं, म्हशी उतरतात, पण चारही बाजूंनी उभे कापलेले कातळ, वर यायला वाट नाही. दमून बुडणारी जनावरं मी पाहिली आहेत. खाण वापरात नसेल तर एका बाजूने दगड-मुरूम टाकून उतार करून घ्या, नाहीतर भोवती गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, घाला. जेसीबीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, ग्रामपंचायतीकडे त्यासाठी हट्ट धरा.

दावं न पाहिलेली गुरं

सड्यावर जन्मलेल्या जनावराच्या मागे धावलात तर ते कायमचं हातचं गेलं. त्याचं एक अंतर असतं. तेवढ्यात माणूस आला की ते मान वर करतं, आणखी पुढे गेलात की पळतं. मान वर झाली की थांबा. बाजूला वळा, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, बरोबर मागूनही जाऊ नका, कारण मागचं त्याला दिसत नाही आणि ते लाथ मारतं. वासरू आणि आई यांच्या मधे तर कधीच उभं राहू नका. कुत्री घरी बांधून या.

पकडायला गोठणीजवळच वाडा करा. दोन्ही बाजूंनी लांब वई (कुंपण) घालत न्यायची, तोंडाशी रुंद आणि आत निमुळती. आत पेंढा, पाणी आणि चाटणवीट ठेवा आणि फाटक उघडं ठेवा. गुरं आत-बाहेर करू देत. सगळी निवांत आत बसायला लागली की मगच एके दिवशी फाटक लावायचं, आणि त्या दिवशी डॉक्टरांना आधीच बोलावून ठेवायचं. शेवटी लाकडी खोडा असावा, जनावर एकेक करून त्यातून जाईल असा. एकदा खोड्यात आलं की सगळी कामं उरकून घ्यायची: टॅग, जंताचं औषध, गोचिडांची फवारणी, लस.

लसीचं वेळापत्रक दवाखान्यातून घ्याच, पण डोक्यात एवढं असू द्या. घटसर्प आणि फऱ्या या दोन्ही लसी पावसाळ्याआधी, म्हणजे मे महिन्यात. लाळ्या-खुरकूत वर्षातून दोनदा. लम्पीची वर्षातून एकदा. २०२२ मध्ये हा रोग राज्यभर फिरला तेव्हा हाताशी न येणारी गुरं लसीवाचून राहिली, हे विसरू नका. ब्रुसेला म्हणजे गाभण जनावराचा गर्भ पाडणारा रोग; त्याची लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, म्हणजे गाईच्या पाडीला आणि म्हशीच्या पारडीला, आयुष्यात एकदाच, आणि ती डॉक्टरांनीच द्यायची. गाय गाभटली असेल तर तो गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नका, खोल पुरा. तो रोग माणसाला होतो. मधेच काही झालं तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन लावा.

टॅगबद्दल कुरकुर ऐकू येते. पण टॅगशिवाय आता जनावराची खरेदी-विक्री किंवा वाहतूक करता येत नाही, आणि रात्री टेम्पोत भरून आणलेलं जनावर कुठून आलं हे टॅगवरूनच कळतं.

वळू: इथेच सगळं अडतं

उनाड कळपात नर फार असतात. नांगर गेला, मग पाड्याचं करायचं काय? विकायचा तर घेणार कोण? २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे ज्याला कामही नाही आणि गिऱ्हाईकही नाही असा पाडा सड्यावर सुटतो. असे पाच-सहा नर एका कळपात राहिले की मारामाऱ्या, मोडलेली शिंगं, अकाली भरलेल्या लहान पाड्या, आणि बाप-मुलगी, भाऊ-बहीण यांच्यातून झालेली खुजी वासरं. गुरांची संख्या वाढते आणि जात खालावते, दोन्ही एकदम.

उपाय खच्चीकरणाचा, आणि तो वेळेवर. पाडा वर्षाच्या आत असतानाच, थंडीत, माशा नसताना, डॉक्टरांकडून भूल देऊन करून घ्या. बर्डिझोच्या चिमट्याने जखमही होत नाही. मोठ्या, माजलेल्या नरावर हेच काम जिवावरचं होतं, त्याच्याही आणि आपल्याही. गावठी उपायांनी, दगडाने ठेचून वगैरे, हे कोणी करत असेल तर त्याचा हात धरा.

पण सगळे नर खच्ची करायचे नाहीत. चाळीस-पन्नास गाईंमागे एक चांगला वळू मोकळा ठेवायचा, आणि तो गावाने निवडायचा. निवडताना मी त्याच्या आईकडे आधी बघते: दर वर्षी-दीड वर्षाला विते का, पान्हा सोडते का, स्वभाव कसा. मग त्याचे खूर. कातळावर चालून न झिजणारे, घट्ट, काळे खूर पाहिजेत. अंगाने आटोपशीर, चालीला हलका. तीन वर्षं झाली की त्याच्या स्वतःच्या पाड्या माजावर यायला लागतात, तेव्हा त्याला शेजारच्या गावाच्या वळूशी बदलून घ्या. पैसे लागत नाहीत, दोन्ही गावांची जात सुधारते, आणि टेम्पोचं वैर जाऊन सोयरीक होते. रेड्यांनाही हाच नियम, फक्त तिथे माणसं आणखी सावध पाहिजेत.

जर्सीचं रेत भरून दूध वाढवू, असं कोणी सुचवतंच. घरात बांधून, खुराक घालून, दोन वेळा धुऊन सांभाळणार असाल तर तुमची मर्जी. सड्यावरच्या गाईला ते करू नका. संकरित वासरू आमच्या दमट उन्हात धापा टाकतं, गोचिडतापाने मरतं आणि कातळावर चालू शकत नाही. आमची छोटी गाय दिवसाला दोन-अडीच लिटर दूध देते हे खरं, पण ती धो धो पावसात उभी राहते, पेंढ्यावर निभावते आणि दर खेपेला आपली आपण विते. याच गुरांना २०१८ मध्ये ‘कोकण कपिला’ म्हणून राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. पाठोपाठ गोव्यातल्या ‘श्वेत कपिला’लाही मिळाली. ज्यांना आपण उनाड म्हणून दगड मारतो त्यांतलीच ही आहेत. टॅगिंगच्या वेळी जात लिहायच्या रकान्यात ‘गावठी’ लिहून मोकळे होऊ नका, लक्षणं जुळत असतील तर डॉक्टरांना कोकण कपिला नोंदवायला सांगा. नोंद झाली तर उद्या संवर्धनाला कोणी पुढे येईल.

चारा, वणवा आणि पीक

गुरं गावात शिरतात ती मार्च-एप्रिलमध्ये, आणि त्याचं एक मोठं कारण वणवा. सड्यावरचं वाळलेलं गवत पेटलं की महिनाभराचा चारा तासाभरात जातो, मग गुरांनी जायचं कुठे? डिसेंबर-जानेवारीत, गवत वाळलं की लगेच, सड्याच्या कडेने आणि रस्त्यालगत गवत कापून जाळरेषा काढा. ऑक्टोबरमध्ये गवत फुलोऱ्यावर असतानाच कापलं तर कस टिकतो. नोव्हेंबर संपला की उरते ती काडी. भारे बांधून गोठणीवर उडवी रचा.

पेंढा सकस करायचा असेल तर शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थराथरावर शिंपडून, दाबून, प्लास्टिकच्या कागदाखाली हवाबंद करून एकवीस दिवस ठेवा. काढल्यावर थोडा वेळ उघड्यावर पसरा, वास उडू द्या. सुरुवातीला थोडा द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना अजिबात नाही. आणि ते पाणी शिंपडताना बादली गुरांच्या तोंडाला लागली तर जनावर गेलंच म्हणून समजा, इतकी काळजी घ्या.

पिकाचं म्हणाल तर गावाने दोन तारखा ठरवाव्यात, गुरं सोडायची आणि राखण सुरू करायची. देवळात बसून ठरवलेली तारीख आमच्याकडे जास्त पाळली जाते, ग्रामसभेचा ठराव मागून करा. हल्ली काही जण वायंगण (उन्हाळी) भात करतात, कुळीथ-पावटा करतात, नवीन काजू लावतात. त्यांना विचारल्याशिवाय तारीख ठरवू नका. राखणीला माणूस ठेवून दर जनावरामागे मेहनताना द्यावा. चाकरमान्यांना हे पैसे मागायला संकोचू नका, गणपतीला आलेत की वही पुढे ठेवा.

कुंपणाला गडगा उत्तम. चिरे परवडत नसतील तर शेर, निरगुडी, मोगली एरंड, घायपात यांची जिवंत वई करा. यांना गुरं तोंड लावत नाहीत. सौर झटका मशीन चालतं. घरातली वीज मात्र तारेत कधीही सोडू नका, त्याने गुरं मरतात, शेजारची पोरं मरतात आणि करणारा तुरुंगात जातो. पिकात शिरलेलं जनावर पकडलंत तर ते २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं, हे १८७१ च्या कायद्यात आहे. गावचा कोंडवाडा पडका असेल तर दुरुस्त करून घ्या आणि तिथे पाणी-चारा ठेवा.

रस्ता आणि रान

पावसाळ्यात गुरं हमरस्त्यावर बसतात ती हट्टाने नाही. डांबर कोरडं असतं, रात्री उबदार असतं, आणि गाड्यांच्या वाऱ्याने माशा उडतात. तीच सोय गोठणीवर द्या: मुरूम घालून दाबलेला उंच ओटा, वर छप्पर, धुरी. तरी काही गुरं जाणारच, त्यांच्या गळ्यात रेडियमचे पट्टे बांधा. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या वाड्यांनी तर पहिल्या पावसाआधी हे उरकावं. पट्टा सैल असू द्या, झुडपात अडकला तर तुटेल इतपत कच्चा.

बिबट्याने जनावर मारलं तर ते जागचं हलवू नका. ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या. २०२२ च्या शासन निर्णयानुसार गाय, म्हैस, बैल यांसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. इथेही टॅग आणि वहीतला फोटो उपयोगी पडतो. रागाने त्या मढ्यावर विष टाकणं हा गुन्हा आहे, आणि त्याने बिबट्याआधी कोल्हे, कुत्री आणि गिधाडं मरतात.

गिधाडांचा विषय आला आहे तर एक सांगते. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला लोकांनी गिधाडं जपली आहेत. मोकळ्या रानात मेलेलं जनावर हा त्यांचा घास. पण डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाच्या किडन्या निकामी होतात. गुरांसाठी हे औषध २००६ पासून बंद आहे, किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक २०२३ पासून. ताप-सुजेवर मेलोक्सिकॅम मिळतं, तेच मागा. माणसांच्या दुकानातून मोठी बाटली आणून कोणी गुराला टोचत असेल तर थांबवा. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या रानाजवळची गावं असतील त्यांना आणखी एक काम: गवे आणि तुमची गुरं एकाच पाण्यावर येतात, त्यामुळे तुमच्या कळपाची लाळ्या-खुरकूतची लस चुकली तर रोग रानात शिरतो.

हे सगळं एका वर्षात होत नाही, आणि करूही नका. पहिल्या मे महिन्यात मोजणी, वही आणि चाटणविटा. पाऊस लागायच्या आत गोठणीचा ओटा आणि पट्टे. भात कापणीनंतर वाडा आणि खोडा, थंडीत खच्चीकरण. वळूची अदलाबदल दुसऱ्या वर्षी, शेजारच्या गावाने वही सुरू केल्यावर. वहीच्या दोन प्रती ठेवा, एक ग्रामपंचायतीत आणि एक अशा बाईकडे जी गाव सोडून मुंबईला जाणार नाही.